देश सुटला, कर सुटला नाही

श्रोतेहो, कोकणातल्या खेड्यांतून माणसे पिढ्यान्पिढ्या मुंबईला चाकरीसाठी जात आली. गिरणीत, गोदीत, कचेरीत त्यांनी नोकऱ्या केल्या. चाकरमान्याचे घर गावी असते. त्याची घरपट्टी तो ग्रामपंचायतीत भरतो. जमिनीचा तुकडा असला तर त्याचा सारा भरतो. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावकीने वर्गणी मागितली तर ऐपतीप्रमाणे तीही देतो. यात कोणाची तक्रार नसते.

पण समजा, उद्या गावाकडून त्याला असे पत्र आले : "तुम्ही मुंबईत जो पगार मिळवता त्याचा हिशेब दरवर्षी आम्हांला कळवा आणि त्यातला ठरावीक भाग पंचायतीत भरा, कारण तुमचा जन्म या गावचा आहे." चाकरमानी काय म्हणेल? तो म्हणेल, "घराची पट्टी देतो, जमिनीचा सारा देतो. पण मुंबईच्या पगारावर गावाचा हक्क कसला? तिथला रस्ता मी वापरतो, तिथलं पाणी मी पितो आणि तिथला कर मी तिथंच भरतो." यावर गावकरी म्हणतील, "असं कसं? तुझं नाव गावच्या दप्तरात आहे. उद्या अडीनडीला तू इथंच येणार. मग गावाचा भार तूही उचलायला नको का?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. आपल्या गावांत असा तंटा कधी उभा राहिला नाही, पण राष्ट्रांच्या व्यवहारात तो खराखुरा उभा राहिला आहे. परदेशी राहणाऱ्या नागरिकाने तिथे मिळवलेल्या पैशांवर मायदेशाला कर द्यावा की नाही, हा तो प्रश्न. जगातल्या बहुतेक सर्व राष्ट्रांनी चाकरमान्याची बाजू घेतली. एका मोठ्या राष्ट्राने मात्र गावकऱ्यांची बाजू घेतली, आणि ती आजपर्यंत सोडलेली नाही. ते राष्ट्र म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. हे कसे घडले, हा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आज महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली मुलेबाळे अमेरिकेत आहेत, म्हणून तो आपल्याही उंबरठ्यापर्यंत येऊन पोचला आहे.

लढाईतून जन्मलेला कर

प्राप्तिकर, ज्याला आपण आयकरही म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी लढाईच्या पोटी जन्माला आला. इंग्लंडमध्ये तो १७९९ साली सुरू झाला, तो फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी. हिंदुस्थानात तो जेम्स विल्सन याने १८६० साली आणला, कारण १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी केली होती. अमेरिकेतही तेच झाले. तेथे १८६१ साली उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले. सैन्याला पैसा हवा होता. ऑगस्ट १८६१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, पहिला प्राप्तिकर मंजूर केला. वर्षाला ८०० डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्याने शेकडा ३ द्यावेत, असा तो नियम होता.

त्याच कायद्यात एक लहानसे कलम होते. जे अमेरिकन नागरिक परदेशात राहतात, त्यांच्या अमेरिकेतल्या मालमत्तेच्या उत्पन्नावर शेकडा ५ कर बसवला होता. घरी राहणाऱ्याला शेकडा ३ आणि बाहेर राहणाऱ्याला शेकडा ५! या फरकातच त्या वेळच्या लोकांचा राग दिसतो. घरची पोरे रणांगणावर मरत असताना काही श्रीमंत मंडळी पॅरिसमध्ये, लंडनमध्ये बसून घरच्या इस्टेटीवर चैन करतात, त्यांनी सुटू नये, अशी भावना होती.

तरीही येथवर गोष्ट चाकरमान्याच्या घरपट्टीसारखीच होती. मालमत्ता अमेरिकेत आहे, म्हणून अमेरिकेचा कर. खरा बदल झाला तो १८६४ साली. युद्ध लांबले, खर्च वाढला, आणि नव्या कायद्याने परदेशी राहणाऱ्या नागरिकाचे सगळेच उत्पन्न कराखाली आणले, मग ते अमेरिकेत मिळालेले असो वा इतरत्र. करासाठी तुम्ही कोठे राहता आणि पैसा कोठे मिळवता हे गौण ठरले. तुम्ही कोणाचे नागरिक आहात, हे मुख्य झाले. श्रोत्यांनी हे साल ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ येथे आहे.

युद्ध संपल्यावर १८७२ साली हा कर बंद झाला. १८९४ साली तो पुन्हा आणला गेला, तेव्हा परदेशस्थ नागरिकाचे कलमही बरोबर आले. पण दुसऱ्याच वर्षी, १८९५ साली, तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो सगळा कर घटनेविरुद्ध ठरवला. शेवटी १९१३ साली घटनेची सोळावी दुरुस्ती झाली. काँग्रेसला प्राप्तिकर बसवण्याचा निर्विवाद अधिकार मिळाला आणि त्याच वर्षी आजच्या अमेरिकन प्राप्तिकराची सुरुवात झाली. आश्चर्य असे की, यादवी युद्धाच्या रागातून आलेली ती तरतूद या शांततेच्या काळातल्या कायद्यातही जशीच्या तशी उतरली. जुन्या दस्तऐवजावरून नवा लिहिताना जुनी अट नकळत पुढे येते, तसे काहीसे झाले.

कुक नावाच्या माणसाचा दावा

हा नियम न्यायाचा आहे का, असे कोणी विचारले नाही काय? विचारले. जॉर्ज कुक नावाचा एक अमेरिकन नागरिक मेक्सिकोमध्ये कायमचा राहत होता. त्याची मालमत्ता मेक्सिकोत, उत्पन्न मेक्सिकोचे. अमेरिकन सरकारने त्याच्याकडे ११९३ डॉलर आणि काही सेंट एवढा कर मागितला. कुकने पहिला हप्ता निषेध नोंदवून भरला आणि तो परत मिळावा म्हणून कर वसूल करणारा अधिकारी टेट याच्यावर फिर्याद केली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल ५ मे १९२४ रोजी लागला.

कुक हरला. न्यायमूर्ती मॅकेना यांनी दिलेल्या निकालाचा आशय असा : सरकार हे स्वभावतःच आपल्या नागरिकाच्या आणि त्याच्या मालमत्तेच्या उपयोगी पडते, मग ती मालमत्ता कोठेही असो. कर घेण्याचा अधिकार मालमत्ता कोठे आहे किंवा माणूस कोठे राहतो यावर अवलंबून नाही. नागरिक आणि राष्ट्र यांच्या नात्यावर तो अवलंबून आहे.

हा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. परदेशात संकट आले तर वकिलात मदतीला येते, गरज पडली तर आरमार येते, हे खरे. पण रोजचा रस्ता, रोजचा शिपाई, मुलांची शाळा, दवाखाना हे सगळे कुकला मेक्सिको देत होता आणि त्याचा कर तो तेथे देणारच होता. एकाच उत्पन्नावर दोन सरकारे हात ठेवू लागली तर माणसाने करावे काय? या प्रश्नाला न्यायालयाने उत्तर दिले नाही. ते काम काँग्रेसवर येऊन पडले.

सवलतींची ठिगळे

अमेरिकेने मूळ नियम कधी बदलला नाही. मात्र तो जेथे जेथे टोचू लागला, तेथे तेथे सवलतीचे ठिगळ लावले. त्यात मुख्य सवलती दोन.

पहिली १९१८ च्या करकायद्यातली. तिच्यामागे येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ आणि सरकारचे सल्लागार टॉमस अॅडम्स यांचा विचार होता. परदेशी सरकारला भरलेला प्राप्तिकर अमेरिकेच्या करातून वजा मिळावा, अशी ती योजना. उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाला बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळाले. त्यावर अमेरिकेच्या हिशेबाने २४० डॉलर कर होतो आणि भारतात त्याने २०० डॉलरइतका कर भरला आहे. मग अमेरिकेला द्यायचे फक्त ४०. भारतात ३०० भरले असतील तर अमेरिकेला काहीच द्यायचे नाही. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण रीत हीच.

दुसरी सवलत १९२६ ची. परदेशात काम करून मिळवलेले उत्पन्न, म्हणजे पगार किंवा मेहनताना, हे वर्षातले सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहणाऱ्याला करातून अजिबात माफ केले गेले. येथे न्यायबुद्धीपेक्षा व्यापारबुद्धी मोठी होती. बाहेरदेशी माल विकणाऱ्या अमेरिकन माणसाच्या शेजारी इंग्रज व्यापारी बसलेला असे. इंग्रजाला दोन सरकारांचे कर नव्हते, अमेरिकनाला होते. मग स्पर्धा कशी करायची, असे व्यापाऱ्यांनी सरकारला विचारले आणि सरकारला ते पटले.

सवलत आली की तिच्यातून पळवाट शोधणारेही येतात. १९५१ साली नियम असा झाला की, सलग १८ महिन्यांतले १७ महिने परदेशी काढले तर तेथला मेहनताना माफ. काही नामांकित चित्रपटनटांनी लगेच परदेशात चित्रपट काढायला जाणे पसंत केले. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, आणि १९५३ साली काँग्रेसने या वाटेने मिळणाऱ्या माफीला वर्षाला २०,००० डॉलरची मर्यादा घातली. पुढे १९६२ साली इतरांच्या माफीलाही मर्यादा आल्या. १९७६ आणि १९७८ साली सवलत आणखी आखडली. बाहेरच्या अमेरिकन कंपन्यांनी ओरड केली, तेव्हा १९८१ साली ती पुन्हा सैल झाली. १९८६ साली मर्यादा ७०,००० डॉलरवर आणली गेली. आता ती महागाईप्रमाणे वाढते. २०२५ सालासाठी ती १,३०,००० डॉलर होती. त्यासाठी माणूस एक पूर्ण करवर्ष परदेशाचा खरा रहिवासी तरी असला पाहिजे, नाही तर सलग बारा महिन्यांत निदान ३३० पूर्ण दिवस बाहेर राहिलेला असला पाहिजे.

हा मागेपुढे होणारा हिशेब पाहिला की, एक गोष्ट दिसते. जेव्हा सरकारला परदेशी गेलेला माणूस देशाचा व्यापार वाढवणारा वाटला तेव्हा सवलत वाढली, आणि जेव्हा तो कर चुकवून मजा मारणारा वाटला तेव्हा ती आटली. १८६१ साली मनात बसलेले पॅरिसच्या श्रीमंताचे चित्र पुरते पुसले गेले नाही. प्रत्यक्षात परदेशी राहणारा अमेरिकन म्हणजे कोण? शाळेत शिकवणारा मास्तर, मिशनच्या दवाखान्यातली परिचारिका, परदेशी माणसाशी लग्न करून तेथेच संसार मांडलेली बाई. यांच्यापैकी बहुतेकांना शेवटी भरायचा कर शून्यच येतो. पण उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेले की, शून्य असला तरी तो शून्य आहे असे दरवर्षी कागद भरून सिद्ध करावे लागते, आणि त्या किचकट कागदांसाठी जाणकाराला पैसे मोजावे लागतात.

येथे आणखी एक विरोधाभास सांगितला पाहिजे. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, या घोषणेवर अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी भांडण मांडले आणि १७७६ साली स्वातंत्र्य पुकारले, हे आपल्या शाळांतून शिकवले जाते. त्याच राष्ट्राने परदेशस्थ नागरिकावर कर बसवला तो १८६४ साली. पण परदेशी स्थायिक झालेल्या नागरिकाला राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क सर्व राज्यांनी मानावा, असा कायदा झाला तो १९७५ चा. कर आधी आला आणि मत शंभरावर वर्षांनी आले. शिक्षक श्रोत्यांनी हे दोन सनांचे अंतर वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. मुलांना नागरिकशास्त्राचा एक मोठा धडा त्यातून मिळेल.

हिशेबाचा हात लांब झाला

पुष्कळ वर्षे हा नियम कागदावर कडक आणि व्यवहारात सैल होता. मेक्सिकोतल्या किंवा मुंबईतल्या बँकेत कोणाचे किती पैसे आहेत, हे वॉशिंग्टनला कळणार कसे? १९७० साली कायदा झाला की, परदेशी बँकांतल्या खात्यांची एकूण रक्कम एका मर्यादेवर गेली तर नागरिकाने स्वतः कळवावे. ही मर्यादा १०,००० डॉलर आहे आणि वर्षातल्या एका दिवसासाठी जरी ती ओलांडली तरी कळवावे लागते. पण ही गोष्टच पुष्कळांना ठाऊक नव्हती.

२०१० साली फॅटका या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि चित्र पालटले. आता माहिती देण्याचे काम जगभरच्या बँकांवर आले. तुमच्याकडे अमेरिकन माणसाचे खाते असेल तर ते कळवा. कळवणार नसाल तर अमेरिकेतून तुम्हांला येणाऱ्या पैशातून शेकडा ३० कापून घेऊ, असा तो दंडक. मोठमोठ्या बँका नमल्या. युरोपातल्या कित्येक बँकांनी तर अमेरिकन गिऱ्हाईक नकोच, अशी भूमिका घेतली. भारताने अमेरिकेबरोबर या बाबतीतला करार ९ जुलै २०१५ रोजी केला. आपल्या तालुक्याच्या बँकेत खाते काढताना किंवा म्युच्युअल फंडाचा अर्ज भरताना, "तुमचा जन्म कोणत्या देशात झाला? तुम्ही दुसऱ्या कोणत्या देशाला कर देता का?" असे जे रकाने असतात, ते अशा करारांमुळेच आले आहेत.

या लांब हाताच्या तावडीत कशी माणसे सापडली, त्याची दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक असलेल्या नोंदींतली आहेत. बोरिस जॉन्सन यांचा जन्म १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणीच ते इंग्लंडला आले आणि पुढे लंडनचे महापौर झाले. त्यांनी लंडनमधले आपले घर विकले, तेव्हा अमेरिकेने त्या नफ्यावर कर मागितला. इंग्लंडच्या कायद्याने राहत्या घराच्या विक्रीवर असा कर नाही. २०१४ साली त्यांनी जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. पण पुढल्या वर्षाच्या सुरुवातीस त्यांनी प्रकरण मिटवल्याचे प्रसिद्ध झाले, आणि २०१६ साली त्यांनी अमेरिकन नागरिकत्व सोडले. पुढे ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले. एवढ्या मोठ्या माणसाला जन्मगावाने सोडले नाही!

दुसरे उदाहरण बिटनर यांचे. हे गृहस्थ जन्माने रुमानियाचे. १९८२ साली ते अमेरिकेत आले आणि पुढे तेथले नागरिक झाले. रुमानियातली कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर १९९० साली ते मायदेशी परतले आणि उद्योगधंद्यात त्यांनी मोठा पैसा मिळवला. बाहेरच्या खात्यांची माहिती दरवर्षी कळवायची असते, हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे. सरकारने पाच वर्षांच्या न कळवलेल्या खात्यांचा, प्रत्येक खात्यामागे वेगळा, असा २७ लाख डॉलरहून जास्त दंड मागितला. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, हेतुपुरस्सर न केलेल्या चुकीला दंड खात्यागणिक न लावता वार्षिक अहवालागणिक लावावा. दंड कमाल ५०,००० डॉलरवर आला. कुकच्या दाव्यानंतर ९९ वर्षांनी हा निकाल लागला. मूळ नियमाला या वेळीही धक्का लागला नाही. फक्त शिक्षेला माप आले.

मग कोणी म्हणेल, एवढा त्रास आहे तर नागरिकत्व सोडावे. तेही फुकट होत नाही. २०१४ साली त्याची फी ४५० डॉलरवरून २,३५० डॉलर केली गेली. शिवाय २००८ च्या कायद्याप्रमाणे, ज्याची मालमत्ता २० लाख डॉलर किंवा त्याहून अधिक आहे, त्याने नागरिकत्व सोडताना सगळी मालमत्ता जणू आदल्या दिवशी विकली असे धरून तिच्या नफ्यावर कर आकारला जातो. त्यात काही रक्कम तेवढी माफ आहे.

इतर राष्ट्रे आणि आपण

अमेरिकेच्या वाटेने दुसरे कोणी गेले का? फिलिपाइन्स बेटांवर अमेरिकेचे राज्य होते. तेथे परदेशस्थ नागरिकांवर कर घेण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. १९९७ च्या कायद्याने ती बंद झाली. आफ्रिकेतला इरिट्रिया हा लहान देश बाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांकडून शेकडा २ कर घेतो. त्या वसुलीच्या दांडगाईबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २०११ साली त्याला दोष दिला होता. म्हणजे या बाबतीत अमेरिकेच्या पंक्तीला फारसे कोणी नाही.

भारताची रीत निराळी आहे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात १९३९ साली दुरुस्ती झाली आणि निवास ही करआकारणीची स्पष्ट कसोटी ठरली. १९६१ च्या कायद्याने तीच पुढे चालवली आणि २०२५ साली मंजूर झालेल्या नव्या कायद्यानेही तिला हात लावला नाही. वर्षातले १८२ दिवस ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली मोजणी. तिला काही पोटनियम आहेत. जो येथे राहतो त्याच्या सर्व उत्पन्नावर कर. जो बाहेर राहतो त्याच्या फक्त भारतातल्या उत्पन्नावर. आपला कायदा, थोडक्यात, चाकरमान्याची बाजू मानतो.

मात्र २०२० सालच्या अर्थसंकल्पात आपल्याकडेही नागरिकत्वाचा धागा शिरला. जो भारतीय नागरिक कोणत्याच देशाला कर देण्यास पात्र नाही, त्याला भारताचा रहिवासी मानावे, अशी सूचना आली. रत्नागिरी-रायगडकडची आणि केरळातली असंख्य माणसे आखातात राबतात. तेथे पगारावर प्राप्तिकर नाही. साहजिकच घबराट झाली. दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारी २०२० रोजी, सरकारने खुलासा केला की, तेथे कष्टाने मिळवलेल्या पगारावर कर घेण्याचा हेतू नाही. कायदा झाला तेव्हा हा नियम, ज्यांचे परदेशी कमाई वगळून असणारे उत्पन्न १५ लाख रुपयांहून जास्त आहे, त्यांच्यापुरता ठेवला गेला, आणि त्यांचीही बाहेरची खरी कमाई बहुतांशी मोकळी राहिली. हेतू पळवाट बुजवण्याचा होता. पण एका ओळीने केवढ्या घरांची झोप उडते, हे त्या दोन दिवसांत दिसले.

आता आपल्या घरापुरते. १९६५ साली अमेरिकेने परदेशीयांच्या वस्तीचा कायदा बदलला आणि तेव्हापासून मराठी डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक तेथे जाऊ लागले. त्यांच्यापैकी जे नागरिक झाले, किंवा ज्यांच्याकडे कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड आहे, त्या सर्वांना हा नियम लागू आहे. मुलगा तिकडे आहे आणि आईने सोयीसाठी आपल्या खात्यात त्याचे नाव जोडले आहे, असे आपल्याकडे सर्रास असते. त्याची सर्व बाहेरची खाती मिळून रक्कम १०,००० डॉलरवर गेली तर आईचे हे खातेही त्याला तिकडे कळवावे लागते. शेतीचे उत्पन्न आपल्याकडे केंद्राच्या प्राप्तिकरातून मोकळे आहे. अमेरिकेत ते मोकळे नाही. आणि येथे कर भरलेलाच नसल्यामुळे वजावट तरी कशाची मिळणार? वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा असलेल्या मुलाने हे जाणकाराला विचारून घ्यावे. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी झाला आहे. पण आपल्या नागरिकांवर कर घेण्याचा अधिकार अमेरिकेने त्यातही राखून ठेवलेला आहे, हे लक्षात असावे.

श्रोतेहो, कर देऊ नये असे या भाषणाचे तात्पर्य नाही. करावाचून शाळा चालत नाहीत, धरणे बांधली जात नाहीत. प्रश्न एवढाच की, कर कशाबद्दल आणि कोणाला. मिळणाऱ्या सेवेबद्दल असेल तर तो जेथे राहतो तेथे द्यावा. जन्माच्या नात्याबद्दल असेल तर राष्ट्रानेही ते नाते दोन्ही बाजूंनी पाळावे. मत द्यावे, ऐकून घ्यावे, आणि शून्य कर देणाऱ्या मास्तरणीला नफेखोराच्या रांगेत उभे करू नये. यादवी युद्धाच्या एका रागीट वर्षात लिहिलेले कलम राग गेला, युद्ध गेले, तरी टिकून आहे, आणि त्याची ठिगळे मात्र दर पिढीला नवी लावावी लागत आहेत. संकटाच्या घाईत केलेला नियम संकट टळल्यावर कोणीतरी पुन्हा उघडून वाचायला हवा. अमेरिकेच्या संसदेपासून आपल्या गावच्या पंचायतीपर्यंत, हे काम ज्याच्या त्याच्या ठिकाणी नागरिकानेच करायचे असते.